यंत्राआधी घोडी

सुतारकामाचा छंद लागला की पहिले पैसे यंत्रावर जातात आणि फळीला आधार देणारी घोडी ‘नंतर बघू’वर राहते. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, कारण कापताना होणाऱ्या बऱ्याच अपघातांचं मूळ अधांतरी राहिलेल्या लाकडात असतं. 8 बाय 4 फुटांचं, 18 मिलिमीटर जाडीचं प्लाय 30 किलोच्या आसपास भरतं. टेबल सॉवर ते निम्म्याहून जास्त पुढे गेलं की पलीकडचं टोक झुकतं, अलीकडचं उचललं जातं आणि ते दाबायला माणूस नेमका पात्यावर ओणवा होतो. हातातल्या सर्क्युलर सॉची तऱ्हा वेगळी. प्लाय फक्त दोन टोकांना टेकवून मधोमध कापलं, तर मध्य खाली बसतो, कापाची फट वरून मिटते, पातं चिमटतं आणि यंत्र कापणाऱ्याच्या दिशेने उसळतं. कापाच्या दोन्ही अंगांना जवळच आधार असेल, तर हे टळतं.

बाजारात रोलरचे स्टँड मिळतात, मग घरी कशाला बनवायचे? त्यांची उंची कमी-जास्त करता येते, हा गुण खराच. पण रोलर जरासा तिरका लागला की फळी बाजूला ओढली जाते आणि गाइडपासून सुटते. घरच्या घोडीच्या माथ्यावर सनमायकाचा उरलेला तुकडा चिकटवला, तर फळी कोणत्याही दिशेने सारखीच घसरते. माथा टेबलापेक्षा एक-दोन मिलिमीटर खाली ठेवावा आणि टेबलाकडची कड रंध्याने उतरती करावी, म्हणजे झुकत आलेली फळी अडत नाही. खरी मेहनत पायांच्या जोडावर घ्यावी. पाय नुसते बाजूने स्क्रूने ठोकले, तर सगळा भार स्क्रूवर येतो. माथ्याची पट्टी पायांच्या खाचेत बसवली, तर लाकूड लाकडावर टेकतं आणि स्क्रूला फक्त धरून ठेवण्याचं काम उरतं. पाय बाहेरच्या बाजूला तिरपे हवेत, नाहीतर फळीच्या धक्क्याने घोडी कलंडते.

मदतनीस असताना घोडी कशाला, असंही विचारलं जातं. मदतनीस नकळत फळी ओढतो किंवा उचलतो, आणि पुढे ढकलणाऱ्याला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. जागेची अडचण मात्र रास्त आहे. फ्लॅटच्या गॅलरीत काम करणाऱ्याने माथ्याशी बिजागऱ्या लावून पाय मिटणारे करावेत आणि ते जास्त फाकू नयेत म्हणून खाली दोरी बांधावी. अशी घोडी भिंतीला टेकून उभी राहते.