वसंतांतील शाळा आणि चामोर्शीचें रान

वसंत ऋतूचें वर्णन कवीनें करावें, असा आपल्याकडे समज आहे. खेड्यांतील प्राथमिक शाळेचा गुरुजी या ऋतूकडे ज्या नजरेनें पाहतो ती नजर मात्र निराळी. आंब्याचा मोहोर आणि कोकिळेचा स्वर त्याला दिसत-ऐकूं येत नाहीं असें नव्हे. पण त्याच्यापुढें हजेरीपत्रक उघडें असतें, आणि फाल्गुन लागतांच गैरहजेरीच्या खुणा कोणकोणत्या नांवांपुढें वाढूं लागल्या इकडे त्याचें लक्ष असतें. गडचिरोली जिल्ह्यांतील चामोर्शी तालुका हा अशा दुहेरी वसंताचा चांगला नमुना आहे. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाला साग, मोह, तेंदू आणि पळस यांचें रान, मध्यें धानाच्या बांध्या आणि तलाव, असा हा मुलूख. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तोंपर्यंत तो चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे. येथें वर्षांतील सर्वांत आनंदाचे शालेय प्रसंग ज्या महिन्यांत येतात, त्याच महिन्यांत मुलें शाळेपासून दूर जाण्याचा धोकाहि सर्वांत अधिक असतो. हे प्रसंग आणि हा धोका यांचा परस्परसंबंध काय, हें समजून घेण्याजोगें आहे.

पंचांगाच्या हिशेबानें येथील शाळेचा वसंत माघांतच सुरू होतो. पूर्व पाकिस्तानांतून निर्वासित होऊन आलेल्या बंगाली कुटुंबांना १९६४ नंतर या भागांत जमिनी देऊन वसविण्यांत आलें. त्यांच्या वस्त्यांत माघ शुद्ध पंचमीला, म्हणजे वसंतपंचमीला, सरस्वतीची पूजा होते, आणि ती विशेषेंकरून विद्यार्थ्यांची पूजा असते. वह्या, पुस्तकें आणि लेखण्या देवीपुढें ठेवावयाच्या व त्या दिवशीं पुस्तकास हात लावावयाचा नाहीं, हा मुलांच्या दृष्टीनें त्या सणाचा मोठाच गुण! पूजा होईपर्यंत बोरें खावयाचीं नाहींत असाहि त्यांच्यांत संकेत आहे. शेजारीं बसणाऱ्या मराठी मुलांचे खिसे मात्र संक्रांतीपासूनच बोरांनीं फुगलेले असतात. तेव्हां या नियमाची खरी कसोटी कोठें लागते हें सांगावयास नको. लहान मुलाचा हात धरून त्याच्याकडून पहिलें अक्षर गिरवून घेण्याचा विधि बंगाली घरांत याच दिवशीं होतो. आपल्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा करीत, तिच्याच जातीचा हा संस्कार होय. घरीं बंगाली, गोंडी किंवा तेलुगू बोलणारीं आणि शाळेंत मराठी शिकणारीं मुलें या मुलखांत एका सतरंजीवर बसतात, हें ध्यानांत घेतलें म्हणजे अशा दिवसाचें मोल कळतें. ज्या मुलाच्या घरची भाषा वर्गांत क्वचितच ऐकूं येते, त्याच्या घरचा सण तरी शाळेनें आपला मानला, एवढी गोष्ट त्या मुलास शाळेंत टिकवावयास पुष्कळ उपयोगीं पडते.

माघाच्या अखेरीस महाशिवरात्र येते आणि सारा तालुका मार्कंड्याच्या वाटेला लागतो. चामोर्शीजवळ वैनगंगा उत्तरेकडे वळते, त्या वळणावर मार्कंडेश्वराचीं प्राचीन देवळें आहेत. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनीं एकोणिसाव्या शतकांत या देवळांचें वर्णन करून ठेविलें असून शिल्पसमृद्धीमुळें त्यांस विदर्भाचें खजुराहो म्हणतात. यात्रा कांहीं दिवस चालते, आणि त्या दिवसांत वर्गांत कोण आहे यापेक्षां कोण नाहीं हें मोजणें सोपें! चांगला शिक्षक यात्रेवर रुसत नाहीं. यात्रेहून परतलेल्या मुलांकडून सकाळच्या परिपाठांत बातम्या सांगवून घेतो, त्या फळ्यावर लिहवितो, दुकानांतील भावांवरून गणितें घालतो. वर्तमानपत्रांतील वार्तेपेक्षां स्वतः पाहून आलेली वार्ता मूल किती नीट सांगतें, हें ज्यानें ऐकलें असेल त्यास या पाठाची योग्यता वेगळी पटवावी लागणार नाहीं.

स्नेहसंमेलनाचा हंगामहि याच सुमाराचा. हा सारा प्रदेश झाडीपट्टीचा. येथें दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गांवोगांव रात्रभर नाटकें चालतात आणि वडसा हें त्या रंगभूमीचें मोठें केंद्र आहे. तेव्हां शाळेच्या संमेलनाला प्रेक्षक कोठून आणावयाचे ही चिंता येथें नाहीं. गोंडी रेला नाचाला ढोल वाजला कीं एरव्हीं शाळेच्या फाटकांतून आंत न येणारे आजोबाहि पुढच्या रांगेंत येऊन बसतात. हळदीकुंकवाच्या निमित्तानें आया येतात; कोणी मुलाच्या वाढदिवसाचें औचित्य साधून साऱ्या शाळेस गोड जेवण देतो, त्यास शालेय पोषण आहाराच्या योजनेंत तिथिभोजन म्हणतात. शहरांतील लोकांना ही करमणूक वाटेल. परंतु ज्या बापाची सही शिक्षकास वर्षभर मिळत नाहीं, तो बाप त्या रात्रीं स्वतः समोर उभा असतो, आणि "पुढच्या महिन्यांत पोराला पाठवाल ना?" हा प्रश्न त्यास विचारतां येतो. संमेलनाच्या खर्चाचा हिशेब मांडतांना हा लाभ कोठेंच लिहिला जात नाहीं.

पुढच्या महिन्याचें भय कशाचें, तें आतां पाहूं.

फाल्गुनांत पळस फुलतो. मुलें त्याचीं फुलें पाण्यांत उकळून होळीसाठीं केशरी रंग काढतात, आणि हाच शाळेंतील सर्वांत स्वस्त व सर्वांत लोकप्रिय विज्ञानप्रयोग होय. परंतु पळसामागून मोह येतो, आणि मोह ही येथें शोभेची वस्तु नव्हे. मार्च-एप्रिलच्या कांहीं आठवड्यांत मोहाचीं मांसल, फिक्या पिवळ्या रंगाचीं फुलें रात्रीं उमलून पहांटेस गळतात. उजाडण्यापूर्वीं टोपली घेऊन झाडाखालीं पोंचावें लागतें. उशीर झाला तर गुरेंढोरें आणि रानांतलीं जनावरें त्यांवर ताव मारतात. अस्वलाला हें फूल अतिशय प्रिय असल्यामुळें पहांटेच्या काळोखांत एकट्यादुकट्यानें जाण्यांत जिवास धोका असतो. म्हणून सारें कुटुंब मिळून जातें. वेंचलेलीं फुलें अंगणांत वाळवून विकतात, कांहीं घरीं खाण्यास ठेवतात. ज्या घराला धानाच्या एका पिकाखेरीज दुसरें उत्पन्न नाहीं, त्या घरांत रोख पैसा येण्याची ही वेळ असते. मुलाच्या पुढच्या वर्षाच्या वह्या आणि कपडे पुष्कळदां याच पैशांतून येतात.

अशा वेळीं मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या आईबापांस अज्ञानी म्हणणें सोपें आहे. तें योग्य मात्र नाहीं. वेंचण्याच्या कामीं लहान बोटें चपळ असतात. शिवाय आई रानांत गेली म्हणजे तान्ह्या भावंडाजवळ कोणी तरी राहावें लागतें, आणि तें 'कोणी तरी' बहुधा दुसरी-तिसरींतील मुलगी असते. हजेरीपत्रकांत मुलाच्या नांवापुढें एक खूण आणि त्याच्या बहिणीच्या नांवापुढें चार खुणा कां, याचें उत्तर येथें आहे. मोहाखालचा पालापाचोळा साफ करण्यासाठीं कित्येक ठिकाणीं आग लावतात, ती पुढें रानांत पसरते. झाडाखालीं जुनीं लुगडीं किंवा जाळी पसरून फुलें झेलावीं हें ज्ञान मात्र शाळेंतून घरीं नेण्याजोगें आहे, आणि मुलें तें नेतात.

खरी अडचण पुढेंच आहे. विदर्भांतील ऊन लक्षांत घेऊन उन्हाळ्यांत प्राथमिक शाळा सकाळीं भरविण्याची रीत पडली. सातच्या सुमारास घंटा होते आणि ऊन चढण्यापूर्वीं मुलें घरीं जातात. शहरांतील मुलांस ही सोय उत्तम; रानांतील मुलांस तीच गैरसोय होऊन बसते, कारण मोह वेंचण्याची वेळहि तीच. उन्हानें शाळा सकाळीं ढकलली आणि मोहानें मूल सकाळींच ओढून नेलें! वर्षाची शेवटची उजळणी आणि परीक्षा याच आठवड्यांत येत असल्यामुळें नुकसान दुप्पट होतें.

या पेचांतून सुटण्यास कायद्याची आडकाठी नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या नवव्या कलमानें शैक्षणिक वर्षाचें वेळापत्रक ठरविण्याचें काम स्थानिक प्राधिकरणाकडे सोंपविलें आहे. खेड्यांपुरतें तें जिल्हा परिषदेचें काम होय. पहिली ते पांचवीस वर्षांत २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झालें पाहिजे एवढी अट आहे. ते दिवस कोणते, हें साऱ्या राज्यास एकच असलें पाहिजे असें त्यांत नाहीं. याच अधिनियमानें शाळा व्यवस्थापन समिति नेमून तींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असें ठरविलें. ज्या स्त्रिया पहांटे मोह वेंचावयास जातात, त्याच या समितींत बसूं शकतात. मोहाचे आठवडे कोणते, त्यांत घंटा कधीं व्हावी आणि परीक्षा पुढें-मागें घेतां येईल काय, हें त्यांच्याहून अधिक कोण सांगणार? माघांतल्या बैठकींत हा विषय निघाला आणि ठराव होऊन वर गेला, तर विचारास वेळ उरतो. फुलें गळूं लागल्यावर केलेला ठराव पुढच्या वर्षाच्याच उपयोगाचा.

दुसरा ओढा मिरचीचा. हिवाळा सरतां सरतां या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबें मिरची तोडण्यासाठीं तेलंगणांत जातात आणि उन्हाळ्यांत परततात. मोहाला गेलेलें मूल दुपारीं तरी गांवांत दिसतें. मिरचीला गेलेलें मूल दोन-दोन महिने दिसत नाहीं, आणि तिकडच्या शाळेची भाषा निराळी असते. अशा मुलांसाठीं हंगामी वसतिगृहाची आणि शिक्षण हमी पत्रकाची योजना महाराष्ट्रांत आहे. पहिल्या योजनेंत मूल गांवींच राहून जेवतें-शिकतें. दुसरींत त्याच्या प्रगतीची नोंद असलेलें पत्रक बरोबर दिलें जातें, म्हणजे जेथें जाईल तेथील शाळेंत त्यास बसवून घेतां येतें. दोन्हींत आजीचें महत्त्व फार आहे. घरीं आजी असली आणि संमेलनाच्या रात्रीं शिक्षकानें तिच्याशीं दोन शब्द बोलून ठेवले असले, तर मूल मागें राहतें.

चैत्र शुद्ध प्रतिपदेला मात्र शाळा स्वतःच गांवांत जाते. "गुढीपाडवा, पट वाढवा" ही घोषणा जिल्हा परिषदेच्या शाळांत आतां चांगली रुळली आहे. प्रभातफेरी निघते, शिक्षक घरोघर जातात आणि ३१ डिसेंबरपर्यंत ज्यांस सहा वर्षें पुरीं होतील त्या मुलांचीं नांवें टिपून घेतात. या पट वाढविण्याची घाई कशासाठीं, असा प्रश्न बाहेरच्यांस पडतो. त्याचें उत्तर अंकगणितांत आहे. २००९ च्या अधिनियमाच्या परिशिष्टाप्रमाणें पहिली ते पांचवीच्या शाळेंत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार. म्हणजे साठ मुलांच्या शाळेंत दोन शिक्षक पांच वर्ग सांभाळतात. एकसष्टावें मूल आलें कीं तिसरा शिक्षक मिळण्याचा हक्क उत्पन्न होतो. शिक्षकांचीं पदें ठरवितांना ३० सप्टेंबरचा पट धरण्याची रीत आहे. म्हणून पाडव्याला टिपलेलें एक नांव सप्टेंबरांत साऱ्या शाळेच्या कामास येतें. उलट, वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार २०२३ मध्यें पुढें आला, तेव्हां रानांतल्या लहान खेड्यांना त्याची धास्ती वाटली. मधें नाला आणि वाघाचें रान असेल तर सहा वर्षांचें मूल दुसऱ्या गांवच्या शाळेस कसें जाणार?

एप्रिलांत जो शाळापूर्व तयारीचा मेळावा भरतो, तो या साऱ्या वसंतोत्सवांत सर्वांत शहाणपणाचा म्हटला पाहिजे. 'पहिलें पाऊल' या नांवानें २०२२ मध्यें हें अभियान महाराष्ट्रांत सुरू झालें. पहिलींत येणारें मूल आईचें बोट धरून येतें. कित्येक ठिकाणीं त्याचीं पावलें रंगांत बुडवून कागदावर ठसा घेतात. मग एकामागून एक मेजें. एका ठिकाणीं नांव नोंदवावयाचें, दुसऱ्या ठिकाणीं रेघेवरून चालावयाचें आणि उडी मारावयाची, कोठें वस्तूंचे गट करावयाचे, कोठें चित्र पाहून गोष्ट सांगावयाची, कोठें बिया मोजावयाच्या. येथें नापास कोणीच होत नाहीं. मुलास काय येतें आणि कशास मदत हवी, हें आईच्या देखत पत्रकावर लिहून तिच्याच हातीं देतात, आणि शेवटच्या मेजावर घरीं काय करावें तें तिला समजावून सांगतात. पुढें वस्तीवरील आयांचे गट होतात. जिला स्वतःस वाचतां येत नाहीं, तिलाहि चिंचोके मोजून घेणें, भाज्यांचीं नांवें विचारणें, अंगणांत रेघ आंखून तीवरून चालविणें साधतें. मोहाची टोपली रिकामी करतांना मुलाकडून फुलांचे दहा-दहाचे ढीग करविणारी आई गणितच शिकवीत असते.

वार्षिक परीक्षा आटोपली, निकाल लागला, कीं शाळेला कुलूप लागतें आणि रानांत तेंदूपानांचा हंगाम सुरू होतो. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक गोणी हा त्या व्यवहाराचा हिशेब मुलांना तोंडपाठ असतो. हा हंगाम बहुतेक सुटींत येत असल्यामुळें हजेरीपत्रकास त्याची झळ लागत नाहीं. ऊन कडक म्हणून विदर्भांतील शाळा उर्वरित राज्याच्या मागून, जूनच्या अखेरीस किंवा त्याच्या आगेमागे उघडतात. तोंपर्यंत मिरचीला गेलेलीं कुटुंबें परत आलेलीं असतात. तयारीचा दुसरा मेळावा याच दिवसांत होतो, आणि एप्रिलांत जें मूल रेघेवरून चालतांना अडखळलें होतें तें आतां कसें चालतें, हें त्याच पत्रकाच्या दुसऱ्या रकान्यांत लिहिलें जातें.