जुनी इंग्रजी चांदी मोडीत देण्यापूर्वी शिक्के पाहा!

मूर्तिजापूर : ‘शकुंतला’मुळे छोट्या गाडीचे अप्रूप मूर्तिजापूरकरांना वेगळे सांगायला नको. इंग्रजांच्या काळातील अशीच एक छोटी गाडी ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यात आहे. पण ती चांदीची, जेवणाच्या टेबलावर धावणारी! जुन्या इंग्रजी चांदीचे मोल वजनापलीकडे कसे जाते, हे तिच्यावरून कळते.

टेबलावरची आगगाडी
शिंदे घराण्याचे माधवराव महाराज यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गाडी इंग्लंडमधील बॅसेट-लोक कंपनीकडून बनवून घेतली. जेवण आटोपले की ती सिगार आणि मद्य घेऊन पाहुण्यांसमोर फिरे. सुरई उचलली की थांबे, परत ठेवली की निघे. ती वितळवली तर काही वजनाची चांदीच हाती येईल. तिचे खरे मोल घराणे, कारागिरी आणि काळ यांत आहे.

सरदारांकडे एवढी चांदी का?
आपल्याकडे पीक बुडाले की वाकी-गोठ मोडीत निघतात. इंग्लंडमधील उमरावांचेही तसेच होते. भांड्यांवर ते कुलचिन्ह कोरून घेत आणि अडचणीत तीच भांडी वितळवत. १६४२ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या यादवी युद्धात असंख्य भांड्यांची नाणी पाडली गेली. म्हणून त्याआधीची भांडी दुर्मीळ आहेत.

शिक्के काय सांगतात?
भांड्याच्या तळाशी किंवा चमच्याच्या दांड्यामागे बारीक शिक्के असतात.
• चालणारा सिंह : ९२.५ टक्के शुद्ध चांदी.
• बिबट्याचे तोंड लंडनचे, नांगर बर्मिंगहॅमचा, तर मुकुट शेफिल्डचा (१९७५ पूर्वी).
• एकच इंग्रजी अक्षर : तपासणीचे वर्ष.
• राजा किंवा राणीचे मस्तक : कर भरल्याची खूण (१७८४ ते १८९०).
• आद्याक्षरे : घडवणाऱ्याची ओळख.

फसगत कुठे होते?
‘ई.पी.एन.एस.’ अशी इंग्रजी अक्षरे असतील, तर ते भांडे चांदीचे नाही. तांबे, निकेल आणि जस्ताच्या मिश्रधातूवर विजेच्या साहाय्याने दिलेला तो चांदीचा मुलामा असतो. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये या पद्धतीचे पेटंट घेतले. मोडीत अशा भांड्याला चांदीचा भाव मिळत नाही.

कायदा काय म्हणतो?
१९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार किमान १०० वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशात पाठवता येत नाही. तिचा व्यापार करायला परवाना लागतो.

काय करावे?
आजोबांच्या पेटीत असे ताट किंवा चमचा निघाला, तर आधी मोबाइलवर शिक्क्यांचे जवळून फोटो घ्या. शिक्क्यांवर पावडर घासू नका, ते झिजतात. वस्तू घरात कुठून आली, हे वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. मोड घेणारा वजन आणि शुद्धता पाहतो. जाणकार संग्राहक शिक्का, घडण आणि मालकीची नोंदही पाहतो. भट्टीत गेल्यावर चांदी उरते, बाकी सारे पुसले जाते.