गाळ्याचे वीजबिल आणि ‘मीटर सर्व्हिस’ची चिठ्ठी

आमच्या वस्तीतील एक ताई भाड्याच्या गाळ्यात शिवणकाम करतात. दोन शिलाई मशीन, एक इस्त्री, पंखा आणि दोन ट्यूब, एवढाच पसारा. एका रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर त्यांनी पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून आमच्यापुढे ठेवला. गाळामालक वीजबिल म्हणून दरमहा देतो ती ही चिठ्ठी. तीवर वापरलेले युनिट, १६ रुपये दर आणि खाली ‘मीटर सर्व्हिस २०० रु.’ “भाऊ, ही सर्व्हिस म्हणजे काय? चार वर्षांत मीटरला कोणी हात लावला नाही,” असे त्या म्हणाल्या.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. तेथेच बेरीज केली. नुसत्या ‘सर्व्हिस’चेच चार वर्षांचे ९,६०० रुपये झाले होते.

वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४३ साली, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना धरला होता. त्याच बाबासाहेबांची आम्ही लेकरे! जयंतीला रोषणाई करतो, पण हातात आलेले बिल वाचीत नाही.

महावितरणच्या व्यापारी बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, शासनाचे वीज शुल्क वगैरे ओळी असतात. स्थिर आकार दुकान महिनाभर बंद असले तरी लागतो, त्याबद्दल भांडून उपयोग नाही. परंतु ‘मीटर सर्व्हिस’ नावाची ओळ त्या बिलात नाही. गाळ्यातला सब-मीटर मालकाने बाजारातून आणून बसविलेला असतो. महावितरण त्याचे वाचन करीत नाही की तपासणी करीत नाही. तेव्हा अशी रक्कम मागितली तर पहिली गोष्ट म्हणजे मूळ बिल पाहावयास मागावे. दर वेळोवेळी बदलतात म्हणून येथे आकडा देत नाही, पण मूळ बिलातील चालू महिन्याच्या रकमेला एकूण युनिटने भागले की मालकाला एक युनिट कितीला पडते ते पाचवीतल्या मुलालाही काढता येईल. भागताना मागील थकबाकी व व्याज बाजूला ठेवावे. ते त्याचे आहे, आपले नव्हे.

ताईंच्या मालकाने बिल दाखविले नाही. मग आम्ही दुसरा मार्ग धरला. रात्री दुकान बंद करताना आतले सर्व दिवे, पंखा, मशीन बंद केले, मेन स्विच मात्र चालू ठेवला आणि सब-मीटरसमोर उभे राहिलो. मीटरचा लाल दिवा लुकलुकतच होता! शोध घेतला तेव्हा जिन्यातला बल्ब आणि मालकाच्या पाटीचा दिवा ताईंच्याच मीटरवर जोडलेला निघाला. ही तपासणी प्रत्येक भाडेकरू दुकानदाराने एकदा तरी करावी. पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात.

खरा उपाय म्हणजे स्वतःच्या नावाचे मीटर. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ प्रमाणे जागेचा मालक किंवा भोगवटादार, कोणीही अर्ज केला तरी वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. मालकाचे ना-हरकत पत्र नाही एवढ्या कारणाने भाडेकरूस वीज नाकारता येत नाही, अर्जदाराचा जागेवर ताबा आहे की नाही एवढेच पाहावयाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. म्हणून भाडेकरार व भाड्याच्या पावत्या जपून ठेवाव्यात. अनामत भरावी लागते, पण तिच्यावर व्याज मिळते.

ज्या भगिनी घरातच मशीन चालवितात त्यांना व्यापारी मीटर घ्यायला कोणी भीती घालील. राहत्या घराच्या काही भागात धंदा असेल, महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि मागील आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. पिठाची गिरणी तर व्यापारी नव्हे, औद्योगिक वर्गात येते. गिरणीवाल्या बांधवांनी आपल्या बिलावरचा वर्ग आजच पाहावा. मात्र घरच्या मीटरवरून वायर ओढून बाहेरचे दुकान चालवू नये. कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते.

महावितरणचेच बिल चुकीचे वाटले तर आधी लेखी तक्रार द्यावी, पोच घ्यावी. मागणीची रक्कम किंवा मागील सहा महिन्यांची सरासरी, यांतील कमी असेल ती निषेध नोंदवून भरली तर वाद मिटेपर्यंत त्या रकमेसाठी वीज तोडता येत नाही. पुढे ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, तेथे वकील लागत नाही.

ताई मात्र पुष्कळ दिवस अर्जावर सही करीत नव्हत्या. अकरा महिन्यांचा करार संपत आला होता, मालक नूतनीकरण नाकारील ही धास्ती. कायदा सांगणे आम्हांस सोपे होते, गाळा त्यांचा जाणार होता. शेवटी महिला मंडळाच्या चौघीजणी त्यांच्यासोबत मालकाकडे गेल्या. तो चिडला, मग नरमला. करार झाला, भाडे तीनशेने वाढवून. ताईंनी ते हिशोबात धरले आणि सही केली. त्यांच्या नावाचे पहिले बिल आले तेव्हा ते घेऊन त्या विहारात आल्या आणि प्रत्येक ओळीवर बोट ठेवून आम्हांला विचारीत राहिल्या. जुने ९,६०० रुपये मात्र मिळाले नाहीत. चिठ्ठ्या आम्ही फाईलला लावून ठेवल्या आहेत.