दीर्घिकांची उधळपट्टी

सप्तर्षीतल्या पुलस्त्यापासून क्रतूपर्यंत रेघ ओढा आणि तेवढीच पुढे न्या. चैत्र-वैशाखातल्या काळोख्या रात्री, गावाच्या दिव्यांपासून दूर गेलात, तर त्या टोकाशी छोट्या दुर्बिणीतूनही दोन धूसर ठिपके दिसतात. योहान बोडे या जर्मन खगोलज्ञाने १७७४ मध्ये ते नोंदवले. त्यातला लांबट ठिपका म्हणजे एम-८२, सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका.

ही दीर्घिका आपल्या आकाशगंगेपेक्षा बरीच लहान, पण तारे जन्माला घालण्याचा तिचा वेग आपल्या कितीतरी पट. कारण शेजारीच आहे. एम-८१ या थोरल्या दीर्घिकेच्या ओढाताणीत एम-८२ मधला वायू ढवळला गेला, केंद्राकडे लोटला गेला आणि तिथे ताऱ्यांचं पीक आलं.

१९६३ मध्ये लिंड्स आणि सँडेज यांनी हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशात तिची छायाचित्रं घेतली. तबकडीच्या वर आणि खाली वायूच्या लांबच लांब बटा सुटलेल्या दिसल्या. केंद्रात कधीतरी एक प्रचंड स्फोट झाला असावा, असं त्यांना वाटलं. निरीक्षण चोख होतं. स्फोट मात्र एक नव्हता, असंख्य होते.

सर्वांत वजनदार तारे तीस-चाळीस लाख वर्षांतच अतिनवतारा होऊन फुटतात. एम-८२ च्या गाभ्यात असे तारे इतके दाटीवाटीने जन्मले, की एका स्फोटाची धग ओसरण्याआधी शेजारी दुसरा होतो. वायू कोट्यवधी अंशांपर्यंत तापतो आणि वाट शोधतो. टम्म फुगलेल्या भाकरीची वाफ पापुद्रा पातळ असेल तिथूनच फुटते. दीर्घिकेची तबकडीही वर-खाली पातळ, म्हणून वारा दोन्ही बाजूंना सुटतो. शेव्हालिए आणि क्लेग यांनी १९८५ मध्ये त्याचं गणित मांडलं. तापलेला वायू सेकंदाला हजार किलोमीटरहून अधिक वेगाने निसटतो आणि थंड वायू, धूळ सोबत ओढून नेतो. गंमत अशी, की हे सोसाट्याचं वादळ प्रयोगशाळेतल्या निर्वात पोकळीहूनही विरळ असतं.

या वाऱ्याशिवाय दीर्घिकांचा हिशेब जुळत नाही. आकाशगंगेएवढ्या दीर्घिकेतसुद्धा वाट्याला आलेल्या साध्या द्रव्यापैकी जेमतेम पाचवा हिस्सा ताऱ्यांत उतरतो. त्याहून लहान दीर्घिकांत तर फारच थोडा. त्यांचं गुरुत्व दुबळं, वायू धरून ठेवण्याची ताकद कमी. डेकेल आणि सिल्क यांनी १९८६ मध्ये हे दाखवून दिलं. अवाढव्य दीर्घिकांत वायू हाकलण्याचं हेच काम केंद्रातलं कृष्णविवर करतं, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात.

या वाऱ्यांचा मला सर्वांत पटणारा पुरावा मात्र दीर्घिकांच्या बाहेरचा आहे. त्यांच्यामधल्या विरळ वायूतही कार्बन सापडतो. कार्बन ताऱ्यांच्या पोटातच शिजतो; तो इतक्या लांब पोचवणारा दुसरा सोयीचा वाहक दिसत नाही. सगळाच माल कायमचा जात नाही, हेही खरं: थंड वायूचा काही भाग पुन्हा तबकडीवर कोसळतो आणि त्यातून नवे तारे होतात.

आपली आकाशगंगाही यातून सुटलेली नाही. फर्मी दुर्बिणीच्या नोंदींतून २०१० मध्ये तिच्या केंद्राच्या वर-खाली गॅमा किरणांचे दोन फुगे सापडले, प्रत्येकी सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं उंच. ते कृष्णविवराने फुगवले की अतिनवताऱ्यांनी, यावर खगोलशास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.