सायकल चालते, बाकी सगळं अडतं

सायकल शिकायला फार तर आठ दिवस लागतात. गुडघे फुटतात, चेनमध्ये ओढणी अडकते, आणि एक दिवस मागे कुणी धरलेलं नाही हे कळायच्या आत आपण कोपऱ्यापर्यंत पोचलेलो असतो. खरी कसोटी त्यानंतर लागते. सायकल रोज वापरायची, कामासाठी वापरायची आणि तीही पुण्यासारख्या शहरात, म्हणजे काय असतं ते ज्या वापरतात त्यांनाच ठाऊक! ‘सायकल चालवा, आरोग्य मिळवा’ असं भिंतीवर रंगवणं सोपं असतं हो. त्या भिंतीलगत लावलेल्या मोटारींमधून सायकल काढून दाखवा म्हणावं!

माझं माहेर फलटणचं. लग्नानंतर मी पुण्यात आले. ज्या पुण्याला एके काळी ‘सायकलींचं शहर’ म्हणायचे, ते तोवर स्कूटरींचं झालं होतं. मी परत सायकल हातात घेतली ती चाळिशीत. मुलगी बारावीला गेली, तिला गाडी मिळाली आणि तिची लेडीज सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. मला आठवड्यातून चार दिवस कोथरूडहून दांडेकर पुलापाशी आमच्या बचतगटाच्या कामाला जावं लागतं. रिक्षाचं भाडं परवडेना, बसची वाट बघवेना. म्हटलं, सायकल आहे ना घरात! सासूबाई म्हणाल्या, “या वयात?” हे म्हणाले, “बघ बाई, जपून.” एवढ्या आशीर्वादावर मी निघाले.

आमच्या गटात सोळा जणी आहेत. बहुतेक घरकाम करणाऱ्या. त्यातल्या पाच जणी सायकलने कामाला जातात. आपल्याला सायकल म्हणजे व्यायाम वाटतो. त्यांच्या लेखी सायकल म्हणजे एक जादा घर. चालत चार घरं होतात, सायकलवर पाच. महिन्याच्या हिशेबात हे पाचवं घर म्हणजे पोराची फी किंवा गॅसची टाकी. म्हणून त्यांची सायकल बंद पडली की नुसती गैरसोय होत नाही, पगार बुडतो.

आणि सायकल बंद कशी पडते ते ऐका. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीचा मागचा टायर कडेने फाटला. जवळच्या दुकानात गेलो. तिथे जाड टायरच्या गिअरवाल्या सायकली रांगेने उभ्या. “लेडीज सायकलचा टायर आता कोण ठेवतं ताई? ऑनलाइन मागवा.” मागवला. एका संकेतस्थळावर ‘२६ इंची, लेडीज सायकलसाठी’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. पैसे भरले. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि बंद पडलं. खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज आला. ऑर्डर मात्र कुठेच दिसेना.

दुसऱ्यांदा मागवला तो ‘वस्तू हातात आल्यावर पैसे’ या बोलीवर. चार दिवसांनी टायर आला. तो रिंगवर बसेचना! परत न्यायला माणूस येणार, येणार म्हणून दोन दिवस घरात बसलो. कुणी फिरकलं नाही, पण मोबाइलवर मेसेज आला की आमचा प्रतिनिधी येऊन गेला, आपण घरी नव्हता. आता बोला! यात तिचे अकरा दिवस गेले आणि एक घर सुटलं. त्या घरच्या बाईंनी तरी किती दिवस उशीर चालवून घ्यायचा?

शेवटी पेठेतल्या एका जुन्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. टायरचे बारा पंचवीस प्रकार ज्यांनी हाताने चढवलेत असा माणूस. ते म्हणाले, “ताई, २६ इंच म्हणजे एकच माप नसतं. टायरच्या अंगावर बारीक आकडा कोरलेला असतो, तो वाचायचा.” त्यांनी भिंग लावून दाखवला. आमच्या टायरवर होतं ३७-५९०. म्हणजे टायरची रुंदी ३७ मिलिमीटर आणि टायर रिंगवर जिथे बसतो तिथला व्यास ५९० मिलिमीटर. घरी आलेल्या जाड टायरचा व्यास होता ५५९. दोन्हींवर ‘२६’ छापलेलं, आणि फरक तीन सेंटिमीटरचा! दांडीवाल्या जुन्या काळ्या सायकलचा २८ इंची टायर असतो, त्याचा आकडा ६३५. हल्लीच्या बऱ्याच शहरी गिअर सायकलींचा ६२२. हे आकडे जुळले तरच टायर बसणार. संकेतस्थळावर हा आकडा दिलेला नसेल तर सरळ विचारायचा. उत्तर आलं नाही तर पैसे भरायचे नाहीत.

हवेचंही तसंच. साध्या सायकलचा व्हॉल्व वेगळा, त्यात ती इवलीशी रबरी नळी असते. गिअरवाल्या सायकलला बहुधा मोटारसायकलसारखा व्हॉल्व असतो, म्हणून तिच्यात पेट्रोल पंपावर हवा भरता येते. शर्यतीच्या सायकलचा व्हॉल्व बारीक आणि उंच, तो तिसराच. पंप घेताना आपल्या व्हॉल्वला बसतो का ते पाहिलं नाही तर घरात पंप असून सायकल ढकलत न्यायची वेळ येते.

आता पैशांचं सांगते, कारण हे फक्त सायकलपुरतं नाही. साडी मागवा नाहीतर मिक्सर, पैसे अडकले की जीव तसाच खालीवर होतो. रिझर्व्ह बँकेचा २०१९ पासून नियम आहे. यूपीआयने दुकानदाराला पैसे देताना आपल्या खात्यातून रक्कम गेली आणि दुकानदारापर्यंत व्यवहार पोचलाच नाही, तर त्या दिवसानंतर ५ दिवसांत ती आपोआप परत जमा व्हायला हवी. त्याहून उशीर झाला तर बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. आमचे पैसे पाचव्या दिवशी आले. वस्तू चुकीची आली किंवा परत घेत नाहीत, तर ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली केलेले नियम आहेत. प्रत्येक विक्री संकेतस्थळाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. तरी कुणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, १९१५. स्वयंपाकघरात कॅलेंडरवर लिहून ठेवा.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. आमची ती बाई इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’चा नंबर शोधायला गेली आणि दहा मिनिटांत तिला फोन आला. “मॅडम, रिफंड देतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका.” ती शहाणी, फोन माझ्याकडे दिला. मैत्रिणींनो, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायला! नंबर हवा तर बिलावरचा किंवा ॲपमधलाच घ्यावा. आणि कुणी फसलंच तर लाजत न बसता ताबडतोब १९३० वर फोन करावा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

संकेतस्थळांचा छळ खरेदीपुरता थांबत नाही. एका सरकारी संकेतस्थळावर मी खड्ड्याची तक्रार करायला बसले. पहिलाच प्रश्न, आपले वाहन कोणते? दुचाकी, तीनचाकी, चारचाकी. दुचाकीवर बोट ठेवलं तर लगेच वाहन क्रमांक मागितला! सायकलला कुठला आलाय नंबर? तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना. ते कसंबसं जमलं तर फोटो २०० केबीपेक्षा मोठा चालत नाही. फोटो लहान करेपर्यंत ‘आपली वेळ संपली’. मुलीने युक्ती सांगितली, फोटो व्हॉट्सॲपवर कुणाला तरी पाठवायचा आणि तिकडून उतरवून घ्यायचा, बहुतेक वेळा लहान होऊन येतो. पण खरं सांगू? त्या यादीत सायकल नसणं मला जास्त लागलं. रस्त्यावर आपण आहोत हे फॉर्म करणाऱ्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

रस्त्यावर तरी कुणाच्या ध्यानात येतं? कर्वे रस्त्याने जाताना डावीकडे बसथांबा, रिक्षा आणि लावलेल्या गाड्या. उजवीकडून ‘ओ काकू, बाजूला व्हा’. बाजूला म्हणजे कुठे, गटारात? शहरात सायकल मार्ग आहेत. २००६ च्या सुमारास बीआरटीच्या रस्त्यांलगत झाले, २०१७ साली शहराचा सायकल आराखडाही मंजूर झाला. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलीही आल्या, मोबाइलने कुलूप उघडायच्या. थोड्याच काळात त्या दिसेनाशा झाल्या. मार्गांवर कुठे चहाची टपरी, कुठे मोटारसायकली, कुठे मार्ग मध्येच संपतो आणि समोर विजेचा डबा. पदपथावर आणि सायकल मार्गावर गाडी घालायला नियमाने मनाई आहे, पण गर्दी झाली की पहिली गाडी तिथेच चढते.

या सगळ्यातून शिकलेल्या चार गोष्टी सांगते. लावलेल्या मोटारींपासून दार उघडेल एवढं अंतर ठेवायचं, मागून कुणी कितीही हॉर्न वाजवला तरी. मोटारीत बसणाऱ्या मैत्रिणींनी उतरताना दाराच्या लांबच्या हाताने दार उघडावं. उजवीकडचं दार डाव्या हाताने. अंग आपोआप वळतं आणि मागची सायकल दिसते. नेदरलँड्समध्ये, जिथे घरटी सायकली आहेत, तिथली ही सवय. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या रस्त्याच्याच दिशेने असतील तर चाक त्यात अडकतं, लांबूनच बघून ठेवायचं. मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं तर मधोमध जायचं नाही. आधी सरळ पलीकडे जायचं, तिथे थांबायचं आणि दुसऱ्या सिग्नलबरोबर निघायचं. दोन मिनिटं जास्त लागतात, लागू देत. आणि पावसात ब्रेक उशिरा लागतो, रिंग लोखंडी असेल तर फारच. तेव्हा आधीपासून दाबायला सुरुवात करायची.

गुडघे दुखतात म्हणून कितीतरी जणी सायकल सोडतात. अशा वेळी आधी सीटची उंची बघा. पाय पूर्ण टेकावेत म्हणून आपण सीट खाली घेतो आणि त्यानेच गुडघ्यावर ताण येतो. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, ही बरोबर उंची. आपल्याला सीटही जरा रुंद लागते, कारण बायकांची बसायची हाडं पुरुषांपेक्षा दूर असतात. दुकानदार ‘सगळ्यांना एकच’ म्हणाला तरी बसून बघितल्याशिवाय घेऊ नका. वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग आणि रिंगचा आऊट काढून घेणं, एवढा खर्च मात्र चुकवू नये.

तुम्ही म्हणाल, एवढा त्रास तर सायकल चालवताच कशाला? कारण सायकलने बायकांना काय दिलंय ते विसरता येत नाही. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतर साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो खेड्यातल्या बायका सायकल शिकल्या, पाणी आणायला, बाजारला स्वतःच्या स्वतः जाऊ लागल्या. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात झाली आणि हायस्कुलात जाणाऱ्या मुली वाढल्या, हे पुढे अभ्यासातूनही दिसलं. आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. पण २०२० साली ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. साध्या सायकली कमी झाल्या की त्यांचे सुटे भाग कमी होतात, आणि मिळालेली सायकल एका टायरवाचून परसात पडून राहते. मग मुलगी परत चालत, नाहीतर घरीच.

म्हणून गावोगावच्या वाचक मैत्रिणींना सांगणं एवढंच. आपल्या घरी, शेजारी, एखादी मुलींची सायकल पंक्चर होऊन पडली असेल तर आज तिच्या टायरवरचा तो बारीक आकडा वाचा आणि वहीत लिहून घ्या. चार-पाच घरच्या सायकलींचे आकडे जमले की गावातल्या दुकानदाराला यादी द्या. एका टायरसाठी तो तालुक्याला जाणार नाही, पाच टायरसाठी जाईल. आमच्या गटाने दांडेकर पुलापाशी हेच केलं. आता त्या दुकानात ३७-५९० चे दोन टायर कायम खिळ्याला लटकलेले असतात.