तोंडे वाढायची थांबली, वाटे थांबले नाहीत



लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आमची माणसे शिवारात फिरतात तेव्हा एक गोष्ट दरवर्षी नजरेस येते. रान तेच, विहीर तीच, पण नोंदवहीची पाने वाढलेली. जिथे एका गटाला एक नाव होते, तिथे आता चार-पाच नावे. लोकसंख्या वाढली म्हणजे काय झाले, हे आम्हाला वर्तमानपत्रापेक्षा या वहीत जास्त स्पष्ट दिसते. त्याविषयीच आज चार शब्द.

आधी आकडे पाहू. १९५० साली साऱ्या जगात सुमारे २५० कोटी माणसे होती. १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ती ८०० कोटी झाल्याचे संयुक्त राष्ट्रसंघाने जाहीर केले. आपला देश १९५१ साली ३६ कोटींचा होता, २०११ च्या जनगणनेत १२१ कोटींचा झाला, आणि २०२३ मध्ये त्याने चीनलाही मागे टाकले. महाराष्ट्र १९६१ साली ३ कोटी ९५ लाखांचा होता, तो २०११ साली ११ कोटी २४ लाखांवर गेला. नाशिक शहर १९९१ साली साडेसहा लाखांचे होते, वीस वर्षांत ते जवळजवळ १५ लाखांचे झाले.

हे ऐकले की पारावर कोणीतरी म्हणतोच, "लोकांना पोरंच फार होतात." यात निम्मेच खरे आहे. पूर्वीही पोरे व्हायचीच, पण जगायची थोडी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांच्या आईची किती झाली आणि किती हाती लागली. पुढे देवीची लस आली, १९५३ पासून हिवतापाविरुद्ध फवारणी सुरू झाली, गावोगाव दवाखाने झाले. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही. १९५१ च्या सुमारास सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होते, ते आता सत्तरीला पोचले. म्हणजे जन्म वाढले नाहीत, मरण कमी झाले. ही वाढ मुळात चांगल्या कामातून झालेली आहे, हे विसरू नये.

मग जन्मही कमी होऊ लागले. मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा त्यांची टिंगल झाली. १९५२ साली सरकारनेच कुटुंबनियोजन हाती घेतले. १९७६ साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. त्याचा कायदा झाला नाही, पण त्या काळाची धास्ती लोकांच्या मनात बरीच वर्षे राहिली. खरे काम केले ते मुलींच्या शाळेने, लग्नाचे वय पुढे गेल्याने, आणि झालेले मूल जगेल या खात्रीने. १९९२-९३ च्या पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी जवळजवळ तीन मुले होती. २०१९-२० च्या पाहणीत हा आकडा १.७ आला. आई-बापांची जागा भरून निघायला २.१ लागतात. म्हणजे आज आपल्याकडे पोरे फार होतात ही तक्रार जुनी झाली.

मात्र लहान कुटुंबात मुलगाच हवा, या हट्टाची किंमत आपण मोजतो आहोत. सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे राज्यात १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३ झाल्या, २०११ साली ८९४. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही म्हणून आपण हळहळतो. त्यातल्या किती मुली आपण जन्मूच दिल्या नाहीत, याचाही हिशेब करावा.

आता मूळ मुद्दा. तोंडे वाढायची थांबली, तर वाटे का थांबत नाहीत? कारण जी पिढी मोठ्या संख्येने जगली-वाढली, तिच्या वारसनोंदी आत्ता लागत आहेत. पीक आधीच उभे आहे, तोड आता चालू आहे. १९७०-७१ साली महाराष्ट्रात सुमारे साडेएकोणपन्नास लाख खाती होती व सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर, म्हणजे साडेदहा एकर होते. २०१५-१६ साली खाती १ कोटी ५३ लाख झाली आणि सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांवर आले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, पण वारसाने पडणारे वाटे कागदाने अडत नाहीत.

एकलहऱ्याच्या बाजूला तर दोन्हीकडून ओढ आहे. १९७० च्या सुमारास इथे औष्णिक वीज केंद्र सुरू झाले. जमिनी गेल्या, पण नोकऱ्या आल्या, आणि घरटी एखादा मुलगा शेतीवरून उतरला. त्यातले पहिले दोन संच केव्हाच बंद झाले. तिकडे शहर वाढले तसे गंगापूर धरणावर पिण्याच्या पाण्याचे आरक्षण वाढले. माणसाचे पिणे आधी, याबद्दल वाद नाही. पण पाण्याची पाळी लांबली की चटका आपल्या उसाला बसतो.

वाट्याने नुकसान कसे होते, हे गुंठ्यात सांगतो. प्रत्येकाला रस्त्याचे तोंड हवे, म्हणून वाटे उभे पडतात. एक एकराची पट्टी ३३ फूट रुंद असेल तर १३२० फूट लांब भरते. तिच्या कडेला बांधापायी ४ फूट गेले, तर जवळजवळ पाच गुंठे गेले. एकरी ४० टन धरा, पाच टन ऊस दरवर्षी बांधावर गेला. वाटे आडवे पाडले तर बांध कमी लागतात, पण मागच्याला वाट राहत नाही.

मागे एका हंगामात असेच झाले. गाव व नावे सांगत नाही. पुढच्या भावाचा ऊस आधी तुटला, त्याने खोडव्याला पाणी दिले. मागच्याची तोड आली तेव्हा गाडीला वाट नाही. टोळी दोन दिवस बसली आणि निघून गेली. ऊस एप्रिलपर्यंत उभा राहिला, वजन घटले, भावाभावांचे बोलणे तुटले ते तुटलेच. चूक आमचीही होती. नोंद घेताना आम्ही क्षेत्र, जात, तारीख विचारली. ऊस बाहेर कुठून निघणार, हे विचारले नाही. महसूल अधिनियमाच्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदारांकडे बांधावरून वाट मागता येते, पण निकाल लागेपर्यंत ऊस थांबत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच, की सातबारा वेगळा असू द्या, लागण एक करा. शेजारच्या भाऊबंदांनी एकाच आठवड्यात, एकाच जातीची, एकाच दिशेच्या सरीने लागण करावी. बांध मोडून मोजणीचे दगड तेवढे ठेवावेत. सलग ऊस दिसला की टोळी टाळाटाळ करत नाही, आणि पाच फुटी सरी व वळायला जागा असली तर यंत्रही उतरते. ठिबकचा पंप व मुख्य पाईप एकच पुरतो. वजन क्षेत्राप्रमाणे वाटायचे की सऱ्या मोजून, हे लागणीआधीच कागदावर लिहून सह्या कराव्यात. गाडीची वाट त्याच कागदात काढावी.

आणखी एक. वाटे कमी व्हावेत म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची घाई करू नये. महाराष्ट्रात १९९४ पासून व देशभर २००५ पासून मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. तिचे नाव लावले म्हणून बांध घालावाच लागतो असे नाही. एका लागणीत भावाचा वाटा सामावतो, तसा बहिणीचाही सामावेल.

येत्या लागणीपूर्वी शेजारी-शेजारी मिळून गट ऑफिसला या. एकट्याने येऊ नका. या वेळी आमच्या नोंदीत पहिला प्रश्न वाटेचा राहील.