हाड जुळताना झिंक, तांबे, मँगनीज: उपयोग किती, धोका किती?

हात किंवा पाय मोडून प्लास्टर घातलं की चार दिवसांत घरात सल्ले जमू लागतात. कोणी पायाचं सूप सुचवतं, कोणी मेडिकलमधून ‘हाड लवकर जुळायच्या’ गोळ्या आणतं. पेठ वडगावात माझ्याकडे येणारे नातेवाईक या बाटल्या टेबलावर मांडून विचारतात, “डॉक्टर, यातली कुठली चालू ठेवू?” परवा एकाच पेशंटच्या तीन बाटल्यांत झिंक निघालं.

ऊस करणाऱ्या घरांत हे समजावणं सोपं जातं. माती परीक्षणात झिंक कमी निघालं तर तुम्ही झिंक सल्फेट टाकता आणि फरक दिसतो. कमतरताच नसेल, तर दुप्पट टाकून ऊस दुप्पट होत नाही. हाडाचंही तसंच आहे.

हाड मोडल्यावर तिथे आधी रक्त गोठतं. मग दोन-तीन आठवड्यांत कूर्चेसारखा मऊ भराव तयार होतो, त्याला कॅलस म्हणतात. पुढे त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस साठून तो कडक होतो. या कामात सूक्ष्म खनिजं अगदी थोड्या प्रमाणात, पण नेमक्या जागी लागतात. मँगनीज कूर्चेतला भरावाचा पदार्थ बनवणाऱ्या एन्झाइमना लागतं. तांब्यावर चालणारं एक एन्झाइम कोलॅजनचे धागे एकमेकांना बांधतं, स्लॅबच्या सळ्या तारेनं बांधाव्यात तसं. झिंक हा अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमचा भाग आहे. हे एन्झाइम हाडात खनिज साठायला अडथळा करणारं रसायन दूर करतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये ते ‘एएलपी’ म्हणून दिसतं. फ्रॅक्चरनंतर काही आठवडे ते वाढलेलं असू शकतं, त्यामुळे तेवढ्यावरून लिव्हर बिघडलं असं समजू नका.

मग झिंकची गोळी घेतली तर हाड लवकर जुळेल का? इराणमधल्या तब्रीझच्या डॉक्टरांनी 2008 मध्ये 60 पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. झिंक घेणाऱ्यांच्या एक्स-रेमध्ये कॅलस जास्त चांगला दिसला. आशा वाटावी असा निकाल आहे, पण 60 माणसांवरून सगळ्यांना गोळ्या लिहून देण्याइतका पुरावा होत नाही. बोरॉन आणि सिलिकॉनच्या बाबतीत तर माणसांमधला पुरावा याहून कमी आहे, जाहिरात मात्र भरपूर.

धोका कुठे आहे? आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीनुसार झिंक पुरुषाला दिवसाला 17 मिलिग्रॅम आणि स्त्रीला 13.2 मिलिग्रॅम लागतं. कमाल मर्यादा 40. तीन बाटल्यांची बेरीज सहज त्यापुढे जाते. जास्त झिंक महिनोन्‌महिने पोटात गेलं की तांबं शोषलं जात नाही. त्यातून रक्त कमी होतं, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. हाड जुळावं म्हणून घेतलेल्या गोळीनं माणूस पुन्हा पडायचा.

फ्लोराइडचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त असल्यानं लोकांचे दात आणि हाडं बिघडली. अमेरिकेत हेच फ्लोराइड हाडं ठिसूळ झालेल्या स्त्रियांना औषध म्हणून चार वर्षं देऊन पाहिलं. 1990 मध्ये निकाल आला: मणक्यांची घनता खूप वाढली, पण हातापायांची फ्रॅक्चर उलट जास्त झाली. हाड दाट दिसलं म्हणजे मजबूत असतंच असं नाही.

बहुतेकांना ही खनिजं जेवणातून मिळतात. मोड आलेली मटकी, हरभरा, तीळ, शेंगदाणे, अंडी, मटण, नाचणीची आंबील. कडधान्य भिजवून मोड आणल्यानं त्यातलं झिंक अंगी जास्त लागतं. पायाचं सूप आवडत असेल तर जरूर प्या, पण त्यात कॅल्शियम फारसं उतरत नाही. त्यासाठी दूध, दही, नाचणी बरी. म्हातारी माणसं, जेवण तुटलेले पेशंट, सतत जुलाब होणारे किंवा रोज दारू घेणारे यांच्यात मात्र कमतरता खरोखर असू शकते. त्यांना आम्ही ठरावीक दिवसांसाठी गोळी देतो.

आणि तंबाखू. मिश्री, गुटखा, विडी काहीही असो, निकोटीन हाडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतं. मिश्री चालू ठेवून झिंक घेणं म्हणजे पाटाचं पाणी बंद करून खत टाकणं. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा, आणि व्हिटॅमिन डी तपासायचं का ते विचारा.

फ्रॅक्चरच्या जागी जखम असल्यानं डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल, तर कॅल्शियम आणि झिंक त्यासोबत घेऊ नका, औषध शोषलं जात नाही. अँटिबायोटिक आधी घ्या आणि दोन तासांनी या गोळ्या. थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचं अंतर ठेवा. किडनीचा आजार असेल तर विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

गोळ्या चालू आहेत म्हणून एक्स-रेची तारीख चुकवू नका. मनगटाला साधारण सहा आठवडे लागतात, नडगीला तीन-चार महिने किंवा जास्त. बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा प्लास्टरच्या आत दुखणं वाढत गेलं, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. येताना घरातल्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून आणा, जाहिरात बघून मागवलेल्याही.